आक्कांचं देणं

आमच्या घरात हृदयविकाराच्या दोन फायली आहेत. एक यांची, एक माझी. यांची फाईल पहिल्या पानापासून हृदयाचीच आहे. पहिला ईसीजी, टू-डी इको, स्टेंटचं स्टिकर, डिस्चार्ज कार्ड, मग दर सहा महिन्यांचे रिपोर्ट. माझ्या फायलीत सुरुवातीला हृदय कुठेच नाही. हिमोग्लोबिन आहे, थायरॉइड आहे, पोटाची सोनोग्राफी, मानेच्या मणक्यांचा एक्स-रे, दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, पित्ताच्या गोळ्यांच्या पावत्या. त्यानंतर एक अँजिओग्राफीचा अहवाल, त्यावर 'नॉर्मल'. आणि त्याच्यामागे सुतळीनं ओवलेली शंभर पानी एकरेघी वही. माझं दुखणं शेवटी ओळखलं गेलं ते त्या वहीवरून, आणि ती वही माझ्याकडून लिहून घेतली आक्कांनी.

आक्का आमच्या शेजारच्या. सगळी नोकरी मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, भावाच्या घराला लागून दोन खोल्या बांधून राहिल्या. गावात कुणी त्यांना सिस्टर म्हणतं, कुणी नर्सबाई. सासूबाई आक्का म्हणायच्या म्हणून मीही आक्का म्हणू लागले. नात्याच्या ना गोत्याच्या. पण मी ज्यांचं देणं लागते त्यांची नावं मनाशी घ्यायला बसले की आईवडिलांच्या पाठोपाठ त्यांचंच नाव येतं.

आधी यांचं सांगते, कारण त्याशिवाय माझं नीट कळणार नाही.

यांना ॲटॅक आला तो गोडी छाटणीच्या दिवसांत, भर बागेत. वय ५४. हातातली कात्री पडली, छातीवर मूठ दाबून हे वेलींच्या ओळीतच खाली बसले. दरदरून घाम, डावा हात खांद्यापासून जड. छाटणीच्या टोळीतल्या एका पोरानं लांबूनच पाहिलं आणि ओरडला, "मालकांना ॲटॅक आलाय, गाडी काढा!" त्या पोरानं दवाखाना आतून फारसा पाहिलेला नव्हता, तरी त्याला कळलं. पिकअप निघाली, तासाभरात सांगली गाठली, कॅज्युअल्टीत पाऊल टाकताच ईसीजी निघाला आणि रात्र व्हायच्या आत स्टेंट बसला. त्या दिवशी धावलेल्या प्रत्येकाचे उपकार मी विसरलेली नाही. मात्र एवढ्या झटपट सगळं झालं याचं एक कारण असं की ते चित्र सगळ्यांना आधीपासून पाठ होतं. सिनेमात, एसटी स्टँडवरच्या जाहिरातीत, शाळेच्या आरोग्य तक्त्यावर छाती धरून वाकलेला माणूस असतो तो पुरुषच. मी स्वतः विज्ञान शिकवायचे. तो तक्ता माझ्याच वर्गात टांगलेला होता.

मग घर बदललं. तेल चमच्यानं मोजून पडू लागलं, शेंगदाण्याचं कूट निम्म्यावर आलं, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. यांच्या गोळ्या सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या अशा डब्यांत भरणं, पहाटे यांच्याबरोबर कालव्यापर्यंत चालणं, तारखा लक्षात ठेवून तपासणीला नेणं हे सारं मी मनापासून केलं. पुढे कधीतरी मी वाचलं की १९६४ साली अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात बायकांसाठी हृदयविकारावर पहिली परिषद भरली होती आणि तिचं नावच होतं 'हार्ट्स अँड हजबंड्स'. नवऱ्याचं हृदय कसं जपावं, हे बायकांना शिकवायला. वाचताना मला माझं स्वयंपाकघर दिसलं. त्या सभागृहात बसलेल्या बायकांपैकी कितीजणींना पायऱ्या चढून येताना दम लागला असेल, हे अजूनही माझ्या मनातून जात नाही.

माझं सुरू झालं ते थकव्यानं. झोपून उठलं तरी न जाणारा थकवा. माझा सातवीचा वर्ग वरच्या मजल्यावर, जिन्याच्या मधल्या टप्प्यावर मी थांबू लागले. धुणं पिळताना खालच्या जबड्यात कळ यायची, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दात धड निघाले. रात्री दोन-अडीचला जाग यायची, छाती कोंडल्यासारखी व्हायची, उठून बसावं लागायचं. दुखतं का, असं विचारलं तर मी सांगे, दुखत नाही, कसंसं होतं. वय पाळी जाण्याचं. त्यामुळे ज्याच्याकडे जावं त्याच्याकडे उत्तर तयार असे. रक्त कमी आहे, पित्त आहे, मणक्यात गॅप आहे, नवऱ्याच्या आजारपणाचं टेन्शन घेतलंय. एकदा दम फारच लागला तेव्हा एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तिन्ही धमन्या स्वच्छ. "अगदी नॉर्मल आहे, आता मनातून काढून टाका," असं सांगून त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. आम्ही येताना पेढे घेऊन आलो.

पेढे संपले आणि जबड्यातली कळ पुन्हा आली. त्यानंतरचे महिने फार एकटे गेले. आधी निदान कुणी ऐकून तरी घेत होतं. आता 'नॉर्मल'चा कागद माझ्याविरुद्ध साक्षीला उभा होता. घरातली माणसं प्रेमाची. पण प्रेमाची माणसंही कागदावर विश्वास ठेवतात. हळूहळू मी सांगणंच सोडलं.

आक्का त्या दिवशी कढीपत्ता मागायला आल्या होत्या. मी ओट्याशी उभी होते, अर्धी तिंबलेली कणीक परातीत तशीच ठेवून. त्यांनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाट ओढून बसल्या. छातीत दुखतंय का, असं त्यांनी विचारलं नाही. तो प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झाला होता. आक्का म्हणाल्या, "गेल्या दिवाळीत जे काम तू एका दमात उरकत होतीस आणि आता उरकत नाही, असं एक सांग बघू."

एक सांगायला म्हणून मी बसले आणि कितीतरी वेळ सांगतच राहिले. जिना. पाण्याची घागर. साडी पिळणं. फळ्यावर उंच लिहिताना हात खाली घ्यावा लागणं. परिपाठाच्या वेळी मुलांबरोबर प्रार्थना म्हणताना शेवटच्या ओळीला आवाज न पुरणं. आक्का मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. माझं झाल्यावर विचारलं, "बाळंतपणात बीपी वाढलं होतं?"

वाढलं होतं. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात पाय सुजले, मीठ बंद केलं, पोर दिवस भरायच्या आत झालं. पण तीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट कोणत्याही डॉक्टरांनी विचारली नव्हती आणि ती सांगण्यासारखी आहे असं मला कुणी कधी म्हटलंही नव्हतं. गरोदरपणी असं बीपी वाढून गेलेल्या बायकांना पुढे हृदयविकार होण्याची शक्यता साधारण दुप्पट असते. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशननं २०११ सालच्या आपल्या सूचनांमध्ये गरोदरपणातल्या या तक्रारींना धोक्याच्या यादीत जागा दिली. आक्का हे वॉर्डात बघून शिकल्या होत्या.

"पण आक्का, अँजिओग्राफी नॉर्मल आलीय."

"नॉर्मल म्हणजे त्या फोटोत काही दिसलं नाही, एवढंच. तुला काही नाही, असं कुठं लिहिलंय त्यात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणून दिली. तारीख, वेळ, काय करत होते, कुठे जाणवलं, किती मिनिटं टिकलं, कशानं थांबलं. 'खूप' आणि 'जरा' असं लिहायचं नाही, मिनिटं लिहायची. शिवाय आदल्या रात्रीची झोप, घरात काही वादावादी झाली असेल तर तीही. रोज दिवेलागणीला त्या येऊन वही पाहत. आयुष्यभर मी पोरांच्या वह्या तपासल्या. माझी वही तपासणाऱ्या त्या एकट्याच. थोड्या आठवड्यांत त्या पानांतून एक रूप दिसू लागलं. कळ श्रमानं यायची, पण थांबल्यावर लगेच जायची नाही, पंधरा-वीस मिनिटं रेंगाळायची. पहाटेच्या गारठ्यात यायची. शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी, बसल्या जागीही यायची.

आक्कांना हे कुठून कळलं, ते मी त्यांना पुष्कळदा विचारलं आहे. त्या दरवेळी वॉर्डातल्या बायकांकडे बोट दाखवतात. त्यांच्या तरुणपणी बायकांच्या मेडिकल वॉर्डात हृदयाचे पेशंट म्हणजे मुख्यतः झडपेचे. लहानपणी घसा येऊन ताप येतो, सांधे सुजतात, मुलगी बरी होऊन खेळायला लागते, आणि आत हृदयाची झडप आखडत जाते. ऱ्हुमॅटिक तापानं अशी अरुंद झालेली मायट्रल झडप बायकांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. लग्नापर्यंत निभावून जातं. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ते अरुंद झडपेतून पुढे सरकत नाही, फुप्फुसात तुंबतं. सातव्या-आठव्या महिन्यात उशा रचून बसून रात्र काढणाऱ्या, खोकल्यातून गुलाबी फेस पडणाऱ्या मुली कोकणातून, देशावरून येत. "पोटुशीला दम लागायचाच, असं घरचे म्हणायचे," आक्का सांगतात. "मग मी घरच्यांना बाहेर पाठवायची आणि तिला विचारायची, तुझ्या जावेला लागला होता का एवढा?"

पुरुषांच्या वॉर्डात त्याच काळात गिरणीतले, कचेरीतले ॲटॅकवाले असत. बायकांना ॲटॅक येत नाही असा तेव्हा समज होता, आणि ज्यांना यायचा त्या बऱ्याचदा पोटदुखी, उलटी, घाम, अशक्तपणा म्हणून दुसऱ्याच पलंगावर असत. एकुलता एक मुलगा अपघातात गेल्याचं कळताच छाती धरून बसलेली एक आई आक्कांना अजून आठवते. धसक्यानं झालं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. जपानमधल्या हृदयतज्ज्ञांनी १९९० साली याच आजाराचं वर्णन केलं, ताकोत्सुबो म्हणून. मोठा आघात झाला की हृदयाचा डावा कप्पा काही दिवस फुगून शिथिल पडतो, ईसीजी ॲटॅकसारखाच दिसतो, धमन्या मात्र मोकळ्या असतात. असे दहातले नऊ पेशंट बायका असतात आणि त्यातल्या बहुतेक पाळी गेलेल्या.

आणि ईसीजी. या विषयावर आक्का बोलू लागल्या की थांबत नाहीत. छातीवर सहा ठिकाणी यंत्राच्या तारा जोडायच्या असतात, त्यातल्या काही जागा डाव्या स्तनाखाली बरगडीवर येतात. पूर्वी रबरी बल्ब असायचे, जेली लावून बसवायचे. बाई लाजते, काढणारा पुरुष असेल तर तोही अवघडतो, आणि मग अंदाजानं वरच्या वर कुठेतरी बसवून पट्टी काढली जाते. आक्का पडदा ओढत, नवऱ्याला, दिराला बाहेर काढत, बाईच्या अंगावर स्वच्छ टॉवेल घालत आणि बोटांनी बरगड्या मोजून जागा शोधत. डॉक्टरांना नीट पट्टी मिळे. त्यांच्या नोकरीतलं मला सर्वांत मोठं वाटणारं काम हेच आहे, आणि ते कुठल्याही सेवापुस्तकात नोंदलेलं नसणार.

वही भरत आली तेव्हा आक्का मला आणि यांना घेऊन पुण्याला निघाल्या. मुलीनं चौकशी करून एका हृदयतज्ज्ञ डॉक्टर मॅडमची वेळ घेतली होती. मॅडमनी आधी वही वाचली, सगळी, आणि मग नाडी पाहिली. पुन्हा अँजिओग्राफी झाली, पण या वेळी धमनीत एक बारीक तार नेऊन, औषध देऊन, रक्ताचा ओघ किती वाढतो ते मोजलं. वाढायला हवा तितका वाढत नव्हता. मोठ्या धमन्या मोकळ्या होत्या. हृदयाच्या स्नायूत शिरणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या वेळेवर सैल होत नव्हत्या. यांनी विचारलं, "म्हणजे मेन लाइन साफ आहे, पण ड्रिपरला पाणी पोचत नाही?" मॅडम म्हणाल्या, "अगदी तेच." बागायतदार माणसाला त्यापुढे काही समजावावं लागलं नाही. आणि त्या दिवसापासून घरात माझ्या दुखण्याला 'टेन्शन' कुणी म्हटलं नाही.

मॅडमनी त्या दिवशी सांगितलेलं मी घरी येऊन वहीच्या उरलेल्या पानांवर लिहून ठेवलं. यांना झाला तो नेहमीचा प्रकार. मोठ्या धमनीत एका जागी चरबीचा थर साचतो, तो फुटतो, त्यावर गुठळी धरते, वाट बंद होते. बायकांनाही ॲटॅक येतो तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं आणि छातीत दुखणं हेच त्यांच्यातही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण. हे मॅडमनी दोनदा बजावलं, कारण बायकांच्या छातीत दुखतच नाही असा उलटा समज पसरला तर तोही जीव घेईल. फरक त्याच्या पुढे आहे. बायकांच्या धमन्या मुळात अरुंद. थर एका जागी न फुगता भिंतीभर पसरट बसलेला असण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त. थर न फुटता नुसता वरून झिजून त्यावर गुठळी होणं जास्त. तरुण बाईला, कधी बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, धमनीचा आतला पदरच उसवून ॲटॅक येतो, आणि असा आजार होणाऱ्यांत दहातल्या नऊ बायका. बारीक वाहिन्यांचा माझा प्रकारही पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. पाळी चालू असेपर्यंत बाईला थोडं संरक्षण असतं, म्हणून तिचा पहिला ॲटॅक सरासरी उशिरा येतो. सलीम युसुफ यांच्या पुढाकारानं ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, हे अंतर सुमारे नऊ वर्षांचं निघालं. पण मधुमेह असेल तर ही सवलत बरीचशी संपते. मधुमेह आणि धूम्रपान, दोन्ही बाईच्या हृदयाला पुरुषाच्या हृदयापेक्षा जास्त महागात पडतात.

मी विज्ञानाची शिक्षिका. मुलीला सांगून मूळ संशोधनाचे कागद मागवले आणि शब्दकोश घेऊन बसले. तेव्हा कळलं की माझं देणं आक्कांपाशी संपत नाही.

अमेरिकेत १९९६ साली 'वाईज' नावाचा अभ्यास सुरू झाला. छातीची तक्रार घेऊन आलेल्या, पण मोठ्या धमन्या मोकळ्या निघालेल्या बायकांना त्यात परत घरी पाठवलं नाही, पुढे तपासलं. त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्याजणींच्या बारीक वाहिन्या नीट काम करत नसल्याचं दिसलं, आणि अशा बायकांना पुढे धोका उरतो हेही. त्या अभ्यासाच्या प्रमुख नोएल बेअरी मर्झ. ही बाई मला कधी भेटणार नाही. तिनं त्या बायकांची फाईल 'नॉर्मल' म्हणून मिटू दिली नाही म्हणून पुण्यातल्या मॅडमना माझ्यात काय शोधायचं ते ठाऊक होतं.

बर्नडिन हीली या हृदयतज्ज्ञ. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री प्रमुख. १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी एक लेख लिहिला. त्याच अंकात एका पाहणीचे आकडे होते, हृदयविकारानं दवाखान्यात आलेल्या बायकांची अँजिओग्राफी आणि बायपास पुरुषांच्या मानानं कमी होते असे. हीलीबाईंनी लिहिलं की आपला आजार पुरुषासारखाच आहे हे बाईला आधी सिद्ध करावं लागतं, तेव्हा कुठे तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. शिकता यावं म्हणून मुलाचा वेष घेणाऱ्या एका ज्यू मुलीची गोष्ट आयझॅक बाशेविस सिंगर यांनी लिहिली आहे. त्या मुलीचं नाव, येंटल, हीलीबाईंनी या प्रकाराला दिलं. त्या बोलल्या त्याला आधार होता. निरोगी माणसानं रोज ॲस्पिरिन घेतली तर पहिला ॲटॅक टळतो का, हे ज्या मोठ्या अभ्यासानं ठरवलं त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि एकही बाई नव्हती. पुरुषांत ॲटॅक कमी झाले. पुढे जवळजवळ ४०,००० निरोगी बायकांवर तोच प्रयोग झाला आणि २००५ साली उत्तर वेगळं आलं. पक्षाघात कमी झाला, पहिला ॲटॅक एकंदरीत कमी झाला नाही. एकाच गोळीची दोन उत्तरं, आणि दुसरं उत्तर विचारायला पंधरा-सोळा वर्षं गेली. हे वाचून मी त्या रात्री झोपू शकले नाही. माझ्या आईला, सासूला, मावशांना पुरुषांच्या मापानं मोजलं गेलं आणि त्यांचा वेगळा विचार व्हायच्या आत त्या गेल्या.

आक्कांना सर्वांत आवडली ती जीन मॅकस्वीनी. कारण ती नर्स. आर्कान्सासमधल्या या बाईनं ॲटॅक येऊन गेलेल्या ५१५ बायकांना विचारलं की त्याच्या आधीच्या दिवसांत काय होत होतं? २००३ साली तिनं उत्तरं छापली. शंभरातल्या ९५ जणींनी सांगितलं की महिनाभर आधीपासून काहीतरी नवं जाणवत होतं. सत्तरावर जणींना कधी नव्हे असा थकवा होता, निम्म्याजणींची झोप उडाली होती. आणि प्रत्यक्ष ॲटॅकच्या वेळी ४३ टक्के बायकांच्या छातीत दुखलंच नव्हतं. मी हे आकडे मराठीत वाचून दाखवले तेव्हा आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लिहून ठेवलं बघ तिनं. आम्ही नुसतं बघत राहिलो." मला ते पटत नाही. त्यांनी बघितलं म्हणून मी आहे.

रक्ताच्या तपासणीतही हाच प्रश्न आहे. ॲटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूतून ट्रोपोनिन रक्तात येतं. निरोगी बाईत त्याची पातळी मुळात पुरुषापेक्षा कमी असते. एडिनबराच्या संशोधकांनी बायकांसाठी वेगळी, खालची रेषा आखून पाहिली तेव्हा ॲटॅक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायकांची संख्या जवळपास दुप्पट झाली. त्यांचा अभ्यास २०१५ सालचा. म्हणजे तोवर तितक्याच बायका 'नॉर्मल'चा कागद घेऊन घरी जात होत्या.

आपल्याकडेही ऋण आहे, आणि ते फार जुनं आहे. माझी आजी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसायची. शेवटची वर्षं तिचे पाय सुजलेले, ओठ निळसर, बसून झोपायची. घरात कुणी विडी ओढत नव्हतं. दम्यानं गेली, असं सगळे म्हणत. डॉ. एस. पद्मावती यांच्याबद्दल वाचलं तेव्हा आजीला काय झालं असावं ते मला उमगलं. १९१७ साली ब्रह्मदेशात जन्मलेली ही मुलगी जपानी आक्रमणात तिथून निघून कोइमतूरला आली, पुढे परदेशी शिकली, भारतातली पहिली स्त्री हृदयतज्ज्ञ झाली, १९५३ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात रुजू झाली. फुप्फुसं खराब होऊन हृदयाची उजवी बाजू थकते तो आजार पाश्चात्त्य पुस्तकांत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा. पद्मावतींना दिल्लीत तो बायकांमध्ये जवळजवळ पुरुषांइतकाच दिसला, आणि त्या बायका विडी-सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. त्यांनी चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं, १९५० च्या दशकात, जेव्हा घरातल्या धुराला कुणी आजाराचं कारण मानत नव्हतं. १०३ वर्षं जगून २०२० साली कोविडनं त्या गेल्या. माझ्या आजीसारख्या बाईला कुणीतरी चुलीपर्यंत जाऊन पाहिलं होतं, यानं मला अजूनही भरून येतं.

मला आता बरं आहे. बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, वाहिन्या सैल ठेवणारं एक औषध, आणि चालणं. पहाटे कालव्यापर्यंत आता आम्ही दोघंही आपापल्या हृदयासाठी चालतो. तेल दोघांच्या हिशेबानं पडतं.

पुण्याहून आल्यावर मी आक्कांसाठी इरकली साडी घेतली होती. त्यांनी घडी उघडूनही पाहिली नाही. "ठेव तुझ्याकडं. तुझ्या बचत गटात बायका किती आहेत?" मी म्हटलं, पंधरा. "त्यातल्या मिश्री किती लावतात?" निम्म्या. "मग मला साडी कशाला देतेस?"

तेव्हापासून गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की आम्ही दोघी आक्कांचा प्रश्न विचारतो, गेल्या दिवाळीत जमत होतं आणि आता जमत नाही असं काय? बाळंतपणात बीपी, साखर वाढली होती का, पाळी लवकर गेली का, हेही. बायका सुरुवातीला हसून टाळायच्या. आता त्याच एकमेकींची नावं सांगतात, "हिला विचारा बाई, ही आताशा डोक्यावर पाटी घेईना." मिश्री सोडणं फार अवघड आहे. तंबाखू हिरडीला लावली काय आणि ओढली काय, हृदयापर्यंत पोचतेच, हे सांगून दोघींची सुटली, एकीची सुटून पुन्हा लागली. तिच्यावर मी रागावत नाही. पहाटे उठून दिवसाला तोंड द्यायला तिच्याजवळ तेवढंच एक आहे, हे मला दिसतं.

या महिन्यात भाजी विकणाऱ्या एकीनं सांगितलं की तासगावच्या बाजारात पाटी उतरवताना खांद्यांच्या मधोमध पाठीत आवळून येतं, घाम सुटतो, बसलं की जातं. मधुमेह आहे. तीन ठिकाणी दाखवून झालंय, तिन्ही ठिकाणी मलम मिळालं. तिची सासू म्हणते, ओझ्यानं पाठ धरणारच. मी तिच्या सासूशी बोलले, तिच्या नवऱ्याशी बोलले. तिला वही दिली. तिला लिहिता येत नाही, तर तिची सहावीतली मुलगी लिहिते, आणि पोरीचं अक्षर सुरेख आहे. सोमवारी तिला सांगलीला न्यायचं आहे. आक्कांना आता गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून हे गाडी काढणार आहेत. ईसीजीच्या वेळी आपण आत थांबणार असं आक्कांनी आधीच सांगून ठेवलंय, तारा कुठे जोडतात ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे.